पुंजाजीकाकांनी हेडफोन जुंपला

आमच्या घरी नवा फ्रिज आला तेव्हा शेजारचे पुंजाजीकाका तो पाहायला आले आणि त्यांनी सगळ्यात आधी दार उघडून आत तोंड घातलं. मला वाटलं, गारवा बघत असतील. ते दात शोधत होते.

"किती दाती हाये?" त्यांनी आतूनच विचारलं.

"काका, फ्रिज आहे तो."

"ते दिसते मले. कवाचा हाये म्हंतो."

मग त्यांनी मागे जाऊन पाठीवर थाप मारली, पोटावरून हात फिरवला, वाकून चारही पाय पाहिले, दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "अंगानं बरा हाये. पन उभ्या उभ्या गुरगुरते. खोडीचा निघन." फ्रिज पुढच्याच उन्हाळ्यात बंद पडला आणि तेव्हापासून आमच्या घरात काकांच्या शब्दाला उगाचच वजन आलं.

पुंजाजीकाका बैलबाजारातले जुने दलाल. डोणगावात आणि आसपासच्या बाजारांत त्यांनी इतक्या जोड्या जमवल्या की आता त्यांना जगात बैलांखेरीज दुसरं काही दिसतच नाही. आमच्या मुलीला, मंजूला, पाहायला मुलगा आला होता, तर काकांनी त्या बिचाऱ्याला काही तरी निमित्त काढून नळापर्यंत पाठवला आणि परत बोलावला. जाताना पाहिला, येताना पाहिला. मग माझ्या कानाशी येऊन, पण सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चाल सरळ हाये. देऊन टाका." आम्ही देऊन टाकली. जावई चांगला निघाला, हे सांगायला हवं.

त्यांचं आवडतं वाक्य एकच, "बसलेला बैल घेऊ नाइ." म्हणजे कुठलीही वस्तू चालवून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. कलिंगड ते ओट्यावर गडगडवून पाहतात. चप्पल घालून दुकानदाराच्या दारातून बाहेर पडतात आणि चौकाला वळसा घालून येतात, तोवर दुकानदार श्वास रोखून बसतो. आणि भाव करायचा तो रुमालाखाली. बैलाचा भाव बाजारात तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबायची. कुठलं बोट, कुठलं पेर, किती दाब, यात सगळा व्यवहार. वर मात्र दोघांचे चेहरे असे, की सत्यनारायणाला बसलेत. काकांनी एकदा वांगेवालीचाही हात असाच रुमालाखाली धरला होता. तिने त्यांना वांग्यानेच हाणलं.

ट्रॅक्टर आले, बाजार ओसरला, काकांचा धंदा बसला. काकू देवाघरी गेल्या. मुलगा पुण्यात. गोठा रिकामा झाला, तर तिथे मुलाची जुनी मोटारसायकल उभी आहे, आणि काकांनी ती दाव्याने खुंट्याला बांधून ठेवली आहे. का, असं विचारलं तर म्हणतात, "गोठ्यात मोकळं कोनी उभं राहत नाइ."

आणि काकांचा आवाज! तुम्ही समोर हातभर अंतरावर उभे असलात तरी ते बाजाराच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे बोलतात. "मास्तर, चा झाला का?" हा त्यांचा सकाळचा प्रश्न आमच्या शाळेच्या घंटेच्या आधी अर्ध्या गावाला उठवतो. काकांचे कान गेलेत, असं सगळं गाव म्हणतं. त्यांच्या तोंडावरसुद्धा म्हणतं, आणि ते हसून मान डोलावतात.

आता त्या गेमकडे येतो. मुलाने पुण्याहून एक मोबाईल पाठवला. काकांनी तो नेमाने आठवडाभर खिशात ठेवून नुसता हिंडवला, अंगाला सवय व्हावी म्हणून. मग कुणीतरी त्यात बैलगाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकून दिला. आपल्याकडे शंकरपट म्हणतात तसाच, फक्त काचेतला. धूळ उडते, लोक ओरडतात, मागून दुसऱ्या जोडीची घुंगरं वाजत येतात. घुंगरू डावीकडून आलं की आपली जोडी डावीकडे दाबायची, उजवीकडून आलं की उजवीकडे. काकांना वेड लागलं. जन्मभर दुसऱ्यांना बैल घेऊन दिले, स्वतःची शर्यतीची जोडी कधी झाली नाही, ती आता झाली. तिला चारा लागत नव्हता.

या शर्यतीला जोडीदार होते तोतारामकाका. तेही दलाल. दोघांनी उभा जन्म एकमेकांची गिऱ्हाइकं फोडण्यात घालवला आणि बाजार उठला की एकाच झाडाखाली भाकरी सोडली. तोतारामकाका गावाच्या खालच्या अंगाला भरल्या घरात राहतात, मुलं, सुना, नातवंडं. भलं मोठं डोकं, त्यावर त्याहून मोठं पागोटं, पांढऱ्या मिशा. बोलणं कमी. काहीही सांगितलं तरी "हाव, हाव" म्हणून गोड हसणार. रोज चार वाजता काठी टेकत ते पुंजाजीकाकांच्या ओट्यावर यायचे आणि मग मोबाईल दोघांच्या मध्ये ठेवून, आवाज पूर्ण सोडून शर्यत सुरू व्हायची. "हान! हान! डाव्या अंगानं येऊन राह्यला! दाब बे तोताराम!" शर्यत झाली की भजनं. खंजिरी अशी वाजायची की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं.

आम्ही हे सगळं चालवून घेत होतो. पण मंजू बाळंतपणाला आली आणि बाळ बरोबर चार वाजता झोपायला लागलं. तोतारामकाकांची जोडी जिंकली की बाळ दचकून उठायचं. हरली की पुंजाजीकाकांच्या शिव्यांनी उठायचं.

आमची सौ. एरवी शांत बाई. पण त्या दिवशी ती पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. "हे पाहा, एक तर त्यांच्या बैलांना गप्प करा, नाही तर ती बैठक उद्यापासून मारुतीच्या पारावर न्यायला सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते." ती सांगायला गेली असती तर बाळ महिनाभर झोपलं नसतं, म्हणून मीच गेलो.

"काका," मी म्हणालो, "पारावर बसलात तर नाही का चालणार?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एवढ्याशा वाक्याने उतरावा, मला कसंतरीच झालं.

"पारावर?" ते म्हणाले. "तोतारामचे गुडघे तथलोक जात नाइ, मास्तर. अथी नाइ बसला तर तो कुठी बसन?"

"बरं, मग आवाज तरी कमी करा."

त्यांनी लगेच कमी केला. शर्यत लावली. घुंगरं आता कुजबुजल्यासारखी वाजत होती. मला ऐकू येत होती. तोतारामकाका मात्र मोबाईलकडे पाहून नुसते हसत राहिले, त्यांची जोडी भलतीकडेच गेली आणि बाभळीत घुसली. पुंजाजीकाकांनी झटकन आवाज पुन्हा वर नेला आणि माझ्याकडे पाहून छातीवर हात ठेवला. "मलेच ऐकू येत नाइ गा. माहे कान गेले. काय करता?"

तेव्हा मी म्हणालो, "मग हेडफोन घ्या ना."

"ते डोक्शावर घालते ते? जवान पोट्टे गेम खेलाले घालते ते?"

"हो. गेमसाठी वेगळेच मिळतात. त्यात कुठून आवाज येतो ते नीट कळतं."

काकांचे डोळे असे चमकले, की मला माझ्याच सल्ल्याची भीती वाटली. "बस. तोच पाह्यजे. गेमवालाच. पन भजन बी ऐकू आलं पाह्यजे. अन मधल्या भावाचा. लय सस्ता बैल लाथा मारते, अन लय महागाले चोर पाह्यते."

रविवारी आम्ही एसटीने मेहकरला गेलो. स्टँडजवळ संदीपचं मोबाईलचं दुकान आहे. संदीप माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे पुढे जे झालं ते त्याने सोसलं. कोपऱ्यात त्याचे वडील खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"हेडफोन दाखव," मी म्हणालो. "गाणी आणि गेम. मध्यम किमतीतला."

संदीपने काचेवर चारपाच मांडले. पुंजाजीकाकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, "सारे बसलेले हायेत. उभे कर."

संदीपने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने ते डब्यांवर टेकवून उभे केले.

मग परीक्षा सुरू झाली. स्वतःच्या डोक्याला काकांनी एकही लावला नाही. प्रत्येक माझ्या डोक्यावर. "घाला मास्तर. चाला. आता मान झटका. अजून झटका, गोमाशी बसल्यावानी." मी बुलडाणा जिल्ह्यातला एक मान्यवर विज्ञानशिक्षक, दुकानात येरझाऱ्या घालत मान झटकत होतो आणि बाहेर ओळखीची दोन माणसं उभी राहून पाहत होती. पहिला हेडफोन उडून चार्जरच्या खोक्यात पडला. "खांदा धरत नाइ," काका म्हणाले. दुसरा एवढा घट्ट होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "हा मान काचते. याले नेला तं महिन्याभरात घट्टा पडन."

मग त्यांनी खिशातून एक गाठ मारलेली सुतळी काढली आणि एकेक हेडफोन ताणून मोजायला लागले.

"हे काय?"

"डोक्शाचं माप."

मी ती सुतळी हातात घेतली. तिच्यात काकांचं डोकं दोनदा मावलं असतं. "काका, तुमचं डोकं तर एवढुसं आहे."

"पागोटं धरून घेतलं," काका म्हणाले. मी जन्मात त्यांच्या डोक्यावर टोपीशिवाय काही पाहिलेलं नव्हतं. पण माझे कान तेव्हा दुखत होते, मी वाद घातला नाही.

तिसऱ्याला दिवे होते. निळे, जांभळे, हिरवे, आपोआप बदलणारे. संदीपला वाटलं आता म्हातारा पाघळणार. काका म्हणाले, "पोळ्याले शिंगं रंगवली म्हनून बैल चांगला होत नाइ. विझव."

चौथा बिनवायरचा. हा दिसायला देखणा, वजनाला हलका, कानाला मऊ. काकांनी पहिल्यांदा "हं" असा आवाज काढला. मग म्हणाले, "जुंपून पाहू." त्यांनी आपला मोबाईल काढला, शर्यत लावली, हेडफोन माझ्या डोक्यावर आणि मोबाईल माझ्या हातात. मी जोडी हाकली. बैल उधळले आणि जरा वेळाने माझ्या कानात घुंगरं वाजली. मी उजवीकडे दाबलं तोवर मागची जोडी पुढे निघून गेली होती.

"काय झालं?"

"आवाज मागून येतोय, काका. बैल आधी पळतो आणि घुंगरू नंतर वाजतं."

"घ्या!" काका कपाळावर हात मारून म्हणाले. "बैल मेहकरात अन घुंगरू डोनगावात!"

संदीपने समजावलं, की बिनवायरच्यात आवाज पोचायला किंचित उशीर होतो, गाण्याला चालून जातं, गेमला खटकतं. कमी उशीर लागणारेही असतात, पण ते या भावात नाहीत. वायरवाला मात्र लगेच वाजतो. आणि त्याला चार्जही करावं लागत नाही.

"म्हंजे चारा खात नाइ?"

"नाही."

"असा जनावर मी जन्मात पाह्यला नाइ," काका भारावून म्हणाले. "काढ बाहेर."

वायरवाल्यांत दोन होते. एकात भजन लावलं तर खालचा ठेका एवढा मोठा, की ढम ढम ढम आणि बुवांचा आवाज कुठेच नाही. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, "बुवाले विहिरीत ढकललं अन डग्गा वर ठेवला. नको." शेवटचा उरला तो काळा, लाल पट्ट्याचा. कानाला कापडाची गादी. भजनातला शब्द न शब्द स्वच्छ. घुंगरू जिथून यायचं तिथूनच येत होतं, डावं डाव्या कानात, उजवं उजव्या. माझी जोडी पहिली आली. मी चक्क दुकानात "हान!" असं ओरडलो.

"आता आवाज पूरा सोडा," काका म्हणाले. मी सोडला आणि दुसऱ्याच क्षणाला हेडफोन उपसून काढला. माझ्या कानात शिट्ट्या वाजत होत्या. हातात धरलेल्या हेडफोनमधून जो बारीक आवाज बाहेर झिरपत होता, त्यानेच पुंजाजीकाकांनी कानांवर हात ठेवले. "बाप्पा! केवढा आवाज हाये गा!" असं म्हणाले, आणि खूश झाले. ज्याचे कान गेलेत त्याने कानांवर हात का ठेवावेत, हा प्रश्न विज्ञानशिक्षकाला पडायला हवा होता. नाही पडला.

त्या हेडफोनला तोंडासमोर येणारी एक दांडी होती, बोलण्यासाठी. काकांनी तिला बोट लावलं. "हे मुस्कं कायले?"

"ते गेम खेळताना बोलायचं असतं, आजोबा," संदीप म्हणाला. "सगळी तरुण पोरं हेच लावतात."

"हे लावलं की मानूस म्हातारा दिसत नाइ ना?"

"अजिबात नाही. एकदम गेमर."

"हाच," काका म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी हात पुढे केला.

मी डोळे मिटले. संदीप म्हणाला, "आजोबा, फिक्स रेट आहे." काका हात पुढे करून तसेच उभे. संदीपने मान हलवली, बोर्ड दाखवला. एवढ्यात कोपऱ्यातला पेपर खाली आला. संदीपचे वडील उठले, काचेच्या टेबलापाशी आले, एक शब्द न बोलता त्यांनी आपला हात त्या रुमालाखाली घातला.

रुमाल हलायला लागला. वर दोन म्हातारे छताकडे पाहत होते. काकांनी एकदा नाक आक्रसलं. संदीपच्या वडिलांनी हात काढून घेतल्यासारखं केलं, पुन्हा आत घातला. मग दोघांनी एकदम मान हलवली. "बांधून दे," वडील संदीपला म्हणाले आणि परत जाऊन पेपर उचलला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की चष्मा धुरकटला होता, कोण जाणे. भाव काय ठरला, ते मी परतीच्या एसटीत विचारलं. काका म्हणाले, "रुमालाखालची गोठ बाहेर काहाडत नाइ."

घरी येताच त्यांनी हेडफोन आमच्या दारात आणला. नवी जोडी घरात नेण्याआधी बाईमाणसाने ओवाळायची असते आणि त्यांच्या घरात ओवाळायला कोणी नव्हतं. आमच्या सौ.ने एकदा हेडफोनकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि आत जाऊन ताट घेऊन आली. हळदकुंकू लावलं, ओवाळलं, वर भाकरीचा तुकडाही ठेवला. "आता तरी बाळाला झोपू द्या, काका," ती म्हणाली. "झोपन, बाई, झोपन," काका एवढ्या जोरात म्हणाले की बाळ उठलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि भिंतीपलीकडून काहीही ऐकू आलं नाही. घुंगरू नाही, खंजिरी नाही. बाळ झोपलं. मंजू झोपली. मला मात्र चैन पडेना, म्हणून मी पाहायला गेलो.

हेडफोन तोतारामकाकांच्या डोक्यावर होता. पागोटं बाजूला काढून ठेवलेलं, लाल पट्टा कपाळावरून गेलेला, मुस्कं मिशांपुढे. ते शर्यत हाकत होते आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, की मी त्यांना पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं असं वाटलं. घुंगरू डावीकडून आलं की ते डावीकडे झुकत होते. बरोबर. दर वेळी बरोबर. शेजारी पुंजाजीकाका रिकाम्या कानांनी बसून नुसतं पाहत होते.

"काका, तुमच्यासाठी घेतला ना?" मी म्हणालो.

ते उठले, मला दंडाला धरून गोठ्यात नेलं आणि मोटारसायकलीला टेकून बोलायला लागले. मी दचकलो. त्यांचा आवाज हळू होता. मऊ, खालचा, अगदी जवळच्या माणसाशी बोलतात तसा. एवढ्या वर्षांच्या शेजारात हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माहे कान चांगले हायेत, मास्तर. तुमची बाई रात्री बाळाले गाने म्हंते, ते बी ऐकू येते. कान तोतारामचे गेले. घरच्यायले मालूम हाये, गावाले नाइ. दलालाचे कान गेले म्हटलं की लोकं तोंडावर हसते. घरी कोनी त्याच्यासंगं बोलत नाइ. जेवाले हातानं बलावते. पोरानं कानाची मशीन आनून देली, तं फेकून देली त्यानं. म्हने, मी का म्हातारा हाओ? म्हनून म्हटलं हे पाहावं. हे तं जवान पोट्टे घालते. हे घालाले त्याले काय लाज?"

"पण तुम्ही सगळ्यांशीच ओरडून का बोलता?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा मास्तर कसा झाला.

"एकट्यासंगं ओरडलं तं त्याले समजन ना. साऱ्यासंगं ओरडलं की माही खोड होते."

मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते मी इथे लिहूनच टाकतो, कारण तिथे पडलो नाही. त्याऐवजी माझ्यातला विज्ञानशिक्षक उशिरा का होईना जागा झाला. "काका, मोबाईल आणा," मी म्हणालो. "यात एक सोय असते. मोबाईलजवळ बोललेलं हेडफोनात मोठं होऊन ऐकू येतं."

आम्ही ओट्यावर परत आलो, शर्यत तशीच चालू ठेवून मी ती सोय शोधली, सुरू केली आणि मोबाईल पुंजाजीकाकांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाशी धरला, छाती भरून घेतली, आणि मी घाईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "हळू. आत्ता बोललात तसं."

काकांनी भरलेला श्वास सोडून दिला. "तोताराम," ते हळूच म्हणाले, "चा घेतं का बे?"

तोतारामकाकांनी मान वळवली. "घेतो ना. पन ओरडून कायले राह्यला? मी बहिरा हाओ का?"

"नाइ बाप्पा," पुंजाजीकाका आणखी हळू म्हणाले. "चुकलं माहं."

मग दोघं बोलायला लागले. मी निघायला हवं होतं, पण पाय उचलेना. पुढच्या बाजाराचं, पावसाचं, कुणाच्या तरी म्हशीचं असं काहीबाही चाललं होतं. मध्येच तोतारामकाका इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पुंजा, माह्या धाकट्याच्या पोरीचं नाव काय ठेवलं गा? बारशाले मी तथीच होतो. आत्यानं पोरीच्या कानात सांगतलं. मले कोनी सांगतलं नाइ. आता इचाराची लाज वाटते."

पोरगी आता ओट्यावरून पळण्याएवढी झाली आहे.

पुंजाजीकाकांनी मोबाईल ओठांना टेकवला. "त्रिशा," ते म्हणाले.

"काय?"

"त्रिशा."

"त्रिशा," तोतारामकाकांनी म्हणून पाहिलं. "हे काय नाव हाये बे?" मग पुन्हा म्हटलं, "त्रिशा." तिसऱ्यांदा म्हणता म्हणता ते उभेच राहिले, काठी उचलली, पागोटं तसंच टाकलं आणि ओट्याच्या पायऱ्या उतरायला लागले.

"कुठी चालला?" पुंजाजीकाका मोबाईलमध्ये म्हणाले.

"तिले हाक मारून येतो."

एवढ्यात वायर ताणली गेली आणि मोबाईलमधून निघाली. आवाज नेहमीसारखा पूर्ण सोडलेला होता आणि शर्यत आत चालूच होती. हजार माणसं एकदम ओरडावीत तसा तो गेम ओट्यावर फुटला. भिंतीपलीकडे बाळाने भोकाड पसरलं, सौ. ओरडली, पुंजाजीकाका बटणं शोधत दोन्ही हातांनी मोबाईल दाबत होते. तोतारामकाकांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. हेडफोन डोक्यावर, वायर धुळीत लोळतेय, आणि ते गुडघे विसरल्यासारखे भराभर खालच्या अंगाकडे चालले होते.

अखेर मोबाईल गप्प झाला. काका वाटेकडे पाहत राहिले. वळणाशी तोतारामकाका दिसेनासे झाले, तरी पाहत राहिले.

"मास्तर," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आता घरचे बोलाले लागले म्हंजे... उद्या येईन ना गा तो?"

"येतील की," मी म्हणालो, आणि पागोटं अलगद बाजूला सरकवून तोतारामकाकांच्या जागेवर बसलो. "तोवर मला शिकवा. डावीकडून आला की कुठे दाबायचं?"